मिनी ट्रॅक्टर घ्यावा की भाड्यावरच भागवावे?

वाचकाचे पत्र :

"आमची पलूस तालुक्यात साडेचार एकर जमीन आहे. त्यात दोन एकर मांडवाची द्राक्षबाग असून ओळींमधले अंतर नऊ फूट आहे. दोन एकर ऊस साडेचार फुटी सरीत आहे आणि उरलेल्या अर्ध्या एकरात घर, गोठा व वैरण आहे. बागेची फवारणी आम्ही भाड्याच्या ट्रॅक्टर-ब्लोअरने (ट्रॅक्टरमागे जोडलेल्या पंख्याच्या फवारणी यंत्राने) करून घेतो. त्याचा दर एकरी ६०० रुपये आहे आणि वर्षाला साधारण ४५ फवारण्या होतात. मशागत, उसाची भरणी आणि शेणखताची ओढ यांवर आणखी २४,००० रुपये जातात. गेल्या ऑक्टोबर छाटणीनंतर घड बाहेर पडत असताना पाऊस झाला, भाड्याचा ट्रॅक्टर तिसऱ्या दिवशी आला आणि तोवर दावण्या (डाउनी मिल्ड्यू हा बुरशीसारखा रोग) घडापर्यंत पोहोचला होता. तेव्हापासून स्वतःचा ट्रॅक्टर घेण्याचे मनात आहे. मला २४ एचपीचा फोर व्हील ड्राइव्ह मिनी ट्रॅक्टर योग्य वाटतो. अण्णा म्हणतात, घ्यायचाच तर ४५ एचपीचा घे, म्हणजे ऊसही ओढेल आणि नांगरटीचे भाडेही मिळेल. आईचे म्हणणे असे की कर्जच नको. कोटेशनप्रमाणे मिनी ट्रॅक्टर ६ लाख, ६०० लिटरचा ब्लोअर अडीच लाख आणि रोटाव्हेटर ९०,००० असे सगळे मिळून ९ लाख ४० हजार रुपये होतात. चुलतभावाची दीड एकर बाग आमच्या बांधाला लागूनच आहे. काय करावे?"

— एक द्राक्ष बागायतदार, पलूस तालुका

उत्तर :

तुमच्या पत्रात बरेच आकडे आहेत. त्यांपैकी नऊ फूट हा आकडा मी सर्वांत आधी हातात घेतो, कारण कोणता ट्रॅक्टर घ्यायचा या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. नऊ फूट हे खांबापासून खांबापर्यंतचे अंतर झाले. ट्रॅक्टरला ते कधीच मिळत नाही. वेलीच्या दोन्ही अंगांना बोद, म्हणजे मातीचा उंचवटा, असतो, बोदावर ठिबकची नळी असते आणि बोदाची रुंदी तीन फूट धरली तर चाकांना चालण्यासाठी जमिनीवर जेमतेम सहा फुटांची पट्टी उरते. ४५ एचपीचा ट्रॅक्टर मागच्या चाकांच्या बाहेरून मोजला तर साडेपाच ते सहा फूट भरतो. म्हणजे तो सरळ चालला तरी बोदाला घासून चालणार, आणि माणूस जरा चुकला की बोदावर चढून नळी दाबणार. २४ एचपीच्या वर्गातील ट्रॅक्टर साधारण साडेतीन ते चार फुटांत बसतो, त्यामुळे दोन्ही अंगांना फूटभर जागा राहते आणि नवशिक्या चालकालाही बाग झेपते. तेव्हा कोणाशीही वाद घालण्याआधी टेप घेऊन बागेत जा आणि सर्वांत अरुंद ओळीत, बोदाच्या पायथ्यापासून समोरच्या बोदाच्या पायथ्यापर्यंत माप घ्या. अण्णांनाही सोबत न्या. माप त्यांनी घेतलेले बरे.

रुंदीइतकीच उंचीही मोजावी लागते, आणि ही गोष्ट शोरूममध्ये कोणाच्या लक्षात येत नाही. मांडवाखाली काडी आणि घड लोंबत असतात. ट्रॅक्टरचा सायलेन्सर बॉनेटमधून उभा वर गेलेला असेल तर त्याच्या गरम धुरात ओळीमागून ओळ पाने करपतात. बागेसाठी सायलेन्सर खालून बाजूला काढलेले मॉडेल घ्यावे. चालकाच्या मागे असणारी, ट्रॅक्टर उलटल्यास चालकाला वाचवणारी लोखंडी कमान मांडवाखाली आडवी करता आली पाहिजे आणि बागेबाहेर आल्यावर ती पुन्हा उभी करण्याची सवयही लागली पाहिजे. कमान अडते म्हणून काहीजण ती कायमची काढून गोठ्याच्या माळ्यावर टाकतात. तुम्ही तसे करू नका. तिसरे माप ओळीच्या टोकाला घ्यायचे आहे. तेथे ताणाच्या तारा जमिनीत गाडलेल्या असतात आणि ट्रॅक्टरमागे ब्लोअर जोडल्यावर वळायला लागणारी जागा एकट्या ट्रॅक्टरच्या मानाने बरीच जास्त असते. टोकाला बारा-पंधरा फुटांची मोकळी पट्टी नसेल तर प्रत्येक ओळीला दोनदा मागे-पुढे करावे लागेल, आणि मी पुढे जो तासांचा हिशोब मांडला आहे तो त्या एका कारणाने बिघडेल.

आता ब्लोअरविषयी. ६०० लिटर पाण्याचे वजन ६०० किलो असते आणि टाकी, पंप, पंखा व चाके धरून भरलेला ब्लोअर नऊशे किलोच्या आसपास जातो. २४ एचपीच्या वर्गातील ट्रॅक्टरचे स्वतःचे वजनही साधारण तितकेच असते. सपाट रानात हे ओझे तो सहज ओढतो. ओली काळी जमीन आणि चढ एकत्र आले की दोन चाकांवर चालणारा मिनी ट्रॅक्टर जागेवरच चाक फिरवत बसतो, म्हणून फोर व्हील ड्राइव्हचा तुमचा आग्रह बरोबर आहे. उतारावर प्रश्न उलटा होतो, कारण मागचे ओझे ट्रॅक्टरला पुढे ढकलू लागते. अशा वेळी वरून निघतानाच खालचा गिअर टाकावा आणि उतार संपेपर्यंत क्लच दाबू नये. तुमच्या बागेला चढ-उतार बराच असेल तर ४०० लिटरचा ब्लोअर घेऊन एक खेप जास्त मारणे शहाणपणाचे ठरेल. फोर व्हील ड्राइव्हबद्दल आणखी एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. डांबरी रस्त्यावर ते बंद करून चालवावे, नाहीतर पुढचे टायर लवकर झिजतात. टायर बदलताना पुढच्या-मागच्या चाकांचे ठरलेले माप सोडून हाताला लागेल ते माप बसवू नये. त्या मापांचे प्रमाण बिघडले की दोन्ही अॅक्सल एकमेकांशी झगडतात आणि भुर्दंड गिअरबॉक्सवर येतो.

ब्लोअर आणि ट्रॅक्टर यांची जोडी जमवताना इंजिनाच्या एचपीवर जाऊ नका. इंजिन २४ एचपीचे असले तरी पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवण्यासाठी ट्रॅक्टरच्या मागे असलेल्या, शाफ्टवर त्यापेक्षा कमी ताकद पोहोचते आणि ब्लोअरचा पंखा त्या शाफ्टवरच चालतो. पीटीओवर किती एचपी मिळतात हे ट्रॅक्टरवाल्याला आणि किती लागतात हे ब्लोअरवाल्याला विचारून दोन्ही उत्तरे लेखी घ्या. हल्ली काही ट्रॅक्टरांत इंजिनाचे फेरे कमी ठेवूनही पीटीओचे ५४० फेरे मिळवण्याची सोय असते. फळछाटणीनंतरच्या (ऑक्टोबर छाटणीनंतरच्या) विरळ पानोऱ्यात तिचा उपयोग होतो आणि डिझेल वाचते. पानोरा दाट झाल्यावर मात्र पूर्ण ताकदच लावावी लागते.

पैशांचा हिशोब मी तुमच्याच आकड्यांवरून करतो. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्याला नऊने भागले तर एका एकरात ४,८४० फूट, म्हणजे जवळपास दीड किलोमीटर लांबीची ओळ होते. दोन एकरांची तीन किलोमीटर झाली. ताशी चार किलोमीटरने ट्रॅक्टर चालला तर नुसत्या चालण्याला पाऊण तास लागतो, आणि वळणे, पाणी भरणे, औषध कालवणे धरून एका फवारणीला दीड तास धरावा. ४५ फवारण्यांचे ६८ तास झाले. बागेतील मशागतीला १८, उसाच्या भरणीला १२ आणि शेणखत-वैरणीच्या ओढीला २२ तास धरले, तर तुमच्या स्वतःच्या रानात ट्रॅक्टर वर्षभरात १२० तास चालेल. हा आकडा ऐकून अनेकांना आश्चर्य वाटते. दारात उभा असलेला ट्रॅक्टर रोज कामात असल्यासारखा वाटतो, पण तासमापी पाहिली की तो बहुतेक वेळ सावलीतच असल्याचे कळते.

खर्चाच्या बाजूला पाहू. ९ लाख ४० हजारांची सामग्री दहा वर्षांनी २ लाख ४० हजारांना विकली जाईल असे मानले तर घसारा वर्षाला ७०,००० रुपये पडतो. दहा टक्के दराने सरासरी गुंतवणुकीवरील व्याज ५९,००० आणि विमा, सर्व्हिसिंग, टायर व किरकोळ दुरुस्ती २५,००० धरली, तर ट्रॅक्टर जागचा हलला नाही तरी वर्षाला १ लाख ५४ हजार रुपये खर्च आहेच. तासाला दोन लिटर डिझेल आणि लिटरला ९० रुपये धरून १२० तासांचे २१,६०० रुपये त्यात मिळवले की बेरीज १ लाख ७५ हजार ६०० होते. आज तुम्ही भाड्यापोटी फवारणीचे ५४,००० आणि इतर २४,००० असे ७८,००० रुपये देता. फक्त स्वतःच्या साडेचार एकरांसाठी हा ट्रॅक्टर घेतला तर तुम्ही वर्षाला सुमारे ९८,००० रुपये जास्त मोजाल, आणि त्यात तुमच्या स्वतःच्या मजुरीचा एक रुपयाही धरलेला नाही. तुमच्या आईने कागद-पेन्सिल न घेता जे सांगितले ते या आकड्यांशी जुळते आहे.

तरीही मी तुम्हाला ट्रॅक्टर घेऊ नका असे सांगत नाही, कारण भाड्याच्या ७८,००० रुपयांत तिसऱ्या दिवशी आलेल्या फवारणीची किंमत धरलेली नाही. दावण्याला ओली पाने आणि दमट हवा मिळाली की तो कोणाच्या सवडीची वाट पाहत नाही. पाऊस उघडल्यावर सगळ्या शिवाराला एकाच सकाळी ब्लोअर हवा असतो आणि भाड्याचा ट्रॅक्टर पहिल्यांदा त्याच्या मालकाच्या बागेत जातो, मग मालकाच्या पाहुण्यांच्या, आणि त्यानंतर तुमच्या. यात त्याचे काही चुकत नाही, त्याच्या जागी आपण असतो तर आपणही हेच केले असते. नांगरट आठ दिवस पुढे गेली तर फारसे बिघडत नाही, शेणखत पंधरा दिवस उशिरा पडले तरी चालते, पण घड बाहेर पडत असताना फवारणी दोन दिवस थांबली तर वर्ष हातचे जाते. माझे मत असे आहे की लहान बागायतदाराने ट्रॅक्टर घ्यायचा तर थांबू न शकणाऱ्या या एका कामासाठी घ्यावा आणि थांबू शकणारी जड कामे खुशाल भाड्याने करून घ्यावीत. तुमच्या बाबतीत हे काम फवारणीचे आहे आणि ते मिनी ट्रॅक्टरचे काम आहे.

मग वरचे ९८,००० रुपये कोठून भरून काढायचे, तर शेजारच्या बागांतून. चुलतभावाची दीड एकर आणि आसपासची आणखी तीन एकर अशी साडेचार एकर बाग तुम्ही तुमच्याच गावच्या दराने फवारून दिली तर वर्षाला १ लाख २१ हजार ५०० रुपये येतील. त्यासाठी सुमारे १५२ तास आणि २७,००० रुपयांचे डिझेल लागेल. हाती राहिलेल्या ९४,००० रुपयांनी तुमचा खर्च जवळपास आजच्या भाड्याइतकाच होतो आणि फवारणी वेळेवर होते हा फायदा त्यावर उरतो. साडेचार एकर हा आकडा मी बरोबरी साधण्यासाठी ओढून-ताणून काढलेला नाही, त्याला दुसरीही एक मर्यादा आहे. तुमची दोन एकर आणि ही साडेचार एकर मिळून साडेसहा एकर होतात आणि एकराला पाऊण तास धरला तर पाच तास लागतात. वारा कमी असतो तेवढ्या सकाळच्या वेळेत एका माणसाच्याने एवढेच होते, उरलेसुरले संध्याकाळवर जाते. लोभापायी दहा एकरांचे काम घेतले तर पावसानंतरच्या सकाळी तुम्हीच कोणाच्या तरी बागेत तिसऱ्या दिवशी पोहोचाल, आणि तो शेतकरी या सदराला पत्र लिहील.

चुलतभावाशी व्यवहार करताना 'आपल्यातच आहे' म्हणून हिशोब मोघम ठेवू नका. भावकीतले बहुतेक बिघाड मोघम हिशोबातून होतात, रोखठोक हिशोबाने भावकी तुटलेली मी क्वचितच पाहिली. भागीत ट्रॅक्टर घेण्यापेक्षा तुम्ही एकट्याच्या नावावर घ्या आणि त्यांच्याकडून ठरलेला एकरी दर घ्या. पाऊस झाल्यावर आधी कोणाची बाग, हे छाटणीच्या तारखांवरून ठरवता येते. त्यांची फळछाटणी तुमच्या आधी किंवा नंतर आठ-दहा दिवसांच्या अंतराने धरली तर दोन्ही बागा नाजूक अवस्थेत एकाच वेळी येणार नाहीत. हे बोलणे सप्टेंबर उजाडण्यापूर्वी व्हायला हवे.

आता अण्णांच्या म्हणण्याकडे येतो, आणि ते मी हलके समजत नाही. खोडवा (तोडणीनंतर बुडख्यातून फुटलेला ऊस) मोडल्यावरची खोल नांगरट आणि पाचटाची कुट्टी २४ एचपीच्या ट्रॅक्टरला झेपत नाही. भरलेली उसाची ट्रॉली ओढण्याचा तर प्रश्नच नाही. पण तुमचा ऊस दोन एकर आहे. त्यातली खोल नांगरट दर वर्षी लागत नाही, ऊस-खोडव्याचे चक्र फिरून लागण करायची तेव्हाच लागते, आणि तेवढ्यासाठी मोठा ट्रॅक्टर भाड्याने बोलावणे केव्हाही स्वस्त पडते. ऊस वाहतूक हा वेगळाच धंदा आहे. त्यात दोन ट्रॉल्या, कारखान्याशी करार, तोडणी टोळी आणि मुकादमाला आगाऊ द्यावी लागणारी रक्कम, म्हणजे उचल, येते. टोळी आलीच नाही आणि उचल बुडाली अशी उदाहरणे तुमच्या गावात अण्णांनाच माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असतील. शिवाय ऊस तोडणीचा हंगाम आणि बागेच्या फवारणीचा हंगाम हातात हात घालून येतात. एकच ट्रॅक्टर एकाच वेळी कारखान्याच्या रांगेत आणि तुमच्या बागेत उभा राहू शकत नाही. मिनी ट्रॅक्टर उसात अगदीच निरुपयोगी असतो असेही नाही. साडेचार फुटी सरीत ऊस कमरेएवढा होईपर्यंत बाळभरणी व भरणी त्याने चांगली होते, मात्र चाकांची रुंदी सरीला जुळवून घेता येते की नाही हे घेतानाच पाहा.

आणखी एक विचार अण्णांपुढे ठेवा. मोठा ट्रॅक्टर दोन टनांच्या आसपास असतो आणि बागेत वर्षाला ४५ वेळा चाके त्याच चाकोरीतून जातात. द्राक्षाची पांढरी मुळी वरच्या फूट-दीड फुटात काम करते. चाकोरीखालची काळी माती दबून घट्ट झाली की पाणी मुरत नाही आणि मुळी त्या बाजूला फिरकत नाही. हलक्या ट्रॅक्टरनेही हे होते, पण कमी होते आणि वाफसा येताच तो लवकर आत शिरू शकतो. रोटाव्हेटरचा मोह मात्र आवरा. तो दर पंधरा दिवसांनी फिरवला की वरची माती पिठासारखी होते आणि पात्यांच्या खाली कठीण थर धरतो. गवत कापून जागेवरच आच्छादन म्हणून ठेवणे बागेला जास्त मानवते. खरे तर तुमच्या यादीतले ९०,००० रुपयांचे हे अवजार पहिल्या वर्षी वगळून एखादा लहान कुळव घेतला तरी चालेल, असे माझे मत आहे. तुमच्या तालुक्यात १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली ती लोखंडी नांगराच्या जोरावर. त्या काळी लोखंडाने जमीन नासते असे मानणारे शेतकरी होते आणि त्यांना आपण हसतो. पण जमिनीवर अवजाराचा काय परिणाम होतो हा त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता.

कर्ज, अनुदान आणि कागदपत्रे यांबद्दल थोडक्यात सांगतो. कृषी यांत्रिकीकरणाच्या अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करावा लागतो आणि पूर्वसंमती मिळण्याआधी खरेदी केली तर अनुदान मिळत नाही. दुकानदार 'आधी घेऊन जा, कागद नंतर करू' म्हणाला तरी ऐकू नका. ट्रॅक्टरवर लाख-सव्वा लाख अनुदान मिळाले तर वरच्या हिशोबातला वार्षिक खर्च पंधरा-अठरा हजारांनी हलका होतो. ब्लोअरसाठी स्वतंत्र अर्ज करा. अनुसूचित जाती व नवबौद्ध घटकांच्या बचत गटांसाठी मिनी ट्रॅक्टर व उपसाधने ९० टक्के अनुदानावर देणारी समाजकल्याण विभागाची वेगळी योजना आहे. तुम्हाला ती लागू नसली तरी इतर वाचकांनी तिची चौकशी जरूर करावी. ट्रॅक्टरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे तुमचे कोटेशन त्याआधीचे असेल तर नवे मागून घ्या. कर्जाचा हप्ता मासिक घेऊ नका. द्राक्षाचे पैसे आणि उसाचे बिल हातात येते त्या महिन्यांशी जुळणारा सहामाही किंवा वार्षिक हप्ता मागा. आईची काळजी बरीचशी हप्त्याच्या तारखेची असते. त्यांना तारखा आणि रकमा लिहून दाखवा, आणि निदान एक तृतीयांश रक्कम घरातून उभी राहत नसेल तर एक हंगाम थांबा. नोंदणी होऊन एमएच-१० चा (सांगली जिल्ह्याचा) नंबर पडेपर्यंत ट्रॅक्टर रस्त्यावर आणू नये, ट्रॉली घेतलीत तर तिचीही नोंदणी करावी, आणि शेतीवापराच्या विम्यावर लोकांचा माल भाड्याने ओढू नये, कारण अपघात झाला तर दावा तेथेच अडतो.

जुना ट्रॅक्टर स्वस्तात मिळत असेल तर तोही पर्याय आहे, पण तो सकाळी न सांगता जाऊन पाहावा. इंजिन आधीच गरम करून ठेवलेला ट्रॅक्टर कोणताही असो, एका झटक्यात सुरू होतो. थंड इंजिन कसे सुरू होते ते पाहा, अवजार उचलून लिफ्ट दहा मिनिटे तशीच राहते का पाहा, पुढच्या अॅक्सलच्या सीलमधून तेल गळते का पाहा आणि आरसी बुकावर बँकेचा बोजा शिल्लक नाही याची खात्री करा. कंपनी कोणती घ्यावी हे मी या सदरात सांगत नाही. ज्या कंपनीचा मेकॅनिक तुमच्या गावापासून पंधरा-वीस किलोमीटरच्या आत राहतो आणि फवारणीच्या हंगामात रविवारीही फोन उचलतो, ती घ्या.

सुरक्षिततेबद्दल मात्र मी आवरते घेणार नाही. पीटीओचे ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. उघड्या शाफ्टच्या जोडात उपरण्याचे, साडीच्या पदराचे किंवा ढिल्या बाहीचे टोक सापडले तर हात मागे घेण्याचा विचार मनात येईपर्यंत दोन-तीन मीटर कापड गुंडाळले गेलेले असते. द्राक्षबागेत बायाबापड्या कामाला असतात, म्हणून शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर तुटले त्या दिवशीच नवे बसवा आणि टाकीत औषध घालताना पीटीओ बंद करण्याचा नियम घरात सर्वांना लावा. ओढायचे काहीही खालच्या हुकालाच जोडा. वरच्या बाजूला साखळी बांधून रुतलेली ट्रॉली ओढायला गेले की हलका ट्रॅक्टर पुढची चाके उचलून थेट मागे उलटतो. मडगार्डवर मुलाला बसवून बागेतून फिरवण्याची हौस आपल्याकडे सगळ्यांना असते, तीही नको.

ब्रेकचे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे वेगळे ब्रेक असतात, कारण शेतात टोकाला वळताना एकच चाक धरावे लागते. रस्त्यावर येताना दोन्ही पेडल कडीने जोडायचे असतात. मी पहिल्या वर्षी एकदा ती कडी न लावता बागेतून रस्त्यावर आलो, समोर म्हैस आली आणि पाय पडला तो फक्त उजव्या पेडलवर. ट्रॅक्टर गर्रकन फिरून उसात घुसला. ट्रॉली रिकामी होती म्हणून निभावले. तेव्हापासून बागेचे फाटक ओलांडताना माझा हात आपोआप खाली कडीकडे जातो.

शेवटचे काम प्रात्यक्षिकाचे आहे. शोरूमच्या पटांगणातली फेरी धरू नका. विक्रेत्याला ट्रॅक्टर तुमच्या बागेत आणायला सांगा, जो ब्लोअर घेणार तोच मागे जोडायला लावा आणि टाकी काठोकाठ भरून सर्वांत अरुंद व सर्वांत चढाच्या ओळीत चालवून पाहा, शक्य झाल्यास पावसानंतर वाफसा येत असताना. एक फेरी तुम्ही चालवा आणि एक अण्णांना चालवू द्या. रिकाम्या टाकीचे प्रात्यक्षिक पाहून मी एकदा फसलो आहे. विक्रेते बहुधा 'पाणी कशाला वाया घालवता' म्हणून तेवढे टाळतात, तेव्हा ते येण्याआधीच मोटार सुरू करून हौद भरून ठेवा.